सकाळी न दिसलेली जात

मी सरकारी वकील. खुनाच्या खटल्यात बचाव पक्षाने दोन डगरींवर पाय ठेवणं नवीन नाही, पण एकाच दिवसात इतकं उघड मी पाहिलं नव्हतं.

मयत फासेपारधी, आरोपी बागायतदार. रात्री बांधावर डोक्यात काठीचा घाव, तोही मागून. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून कलमं जुन्या भादंविचीच: खुनाचं ३०२, सोबत ॲट्रॉसिटीचं ३(२)(५), म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्याचं.

सकाळी बचावाचे वकील (ज्येष्ठ, बोलण्यात पट्टीचे) ॲट्रॉसिटीवर बोलले. अमावस्येची रात्र, मयत कोण-कुठला हे आरोपीला ठाऊकच नव्हतं. २०१६ पासून या कलमाला जातीची माहिती असणं लागतं, तेव्हा मुद्दा बिनतोड.

जेवणानंतर स्वसंरक्षण. "साहेब, इथला शेतकरी लहानपणापासून पारध्यांच्या चोऱ्या ऐकत आलाय. रात्री पारधी शेतात दिसला की जिवाची भीती वाटणारच." आधाराला नानावटी खटल्याचा (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदल अधिकारी) सुप्रीम कोर्टाचा १९६१ चा निकाल: त्याच थरातला समंजस माणूस त्या जागी काय करता?

मी उठलो. सकाळी न दिसलेली जात दुपारी दिसली कशी? नानावटीतली कसोटी प्रक्षोभाची, म्हणजे अचानक डिवचल्यामुळे तोल गेला का याची; भीतीची नाही. ती लावूनही जन्मठेप कायम राहिली, बायकोची कबुली आणि गोळीबार यांच्या मध्ये तीन तास गेले होते म्हणून. स्वसंरक्षणात कलम १०२ प्रमाणे भीती समोरच्याच्या कृतीतून किंवा धमकीतून उपजावी लागते. पारध्यांसारख्यांना जन्मानेच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. आरोपीच्या मनात तो अजून चालू असेल, तर कोर्टाने तो का चालवावा?

राहिली दोरी. घटनास्थळी सापडलेली, पंचनाम्यात 'संशयास्पद दोरी'. बचावाच्या मते बैल सोडून न्यायला आणलेली. पण साक्षीच्या वेळी मुद्देमालाचं सील फोडलं, तेव्हा पंचाने ती उलटीपालटी करून पाहिली. पंच आरोपीच्याच गावचा, फितूर होणार हे मी धरूनच होतो. सहज बोलून गेला, "हे तर शेळीचं दावं." फास लहान, मान काचू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली. मयताची बायको पहिल्या जबाबापासून तेच सांगत होती, शेळी सुटली म्हणून गेले.

निकालात ॲट्रॉसिटी गेली. जात ठाऊक नव्हती, पण रात्री अनोळखी माणूस पाहून वाटलेली भीती खरी, फक्त हक्काची मर्यादा ओलांडली. म्हणून ३०२ ऐवजी ३०४ भाग १, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. मागून बसलेल्या घावावर निकालपत्रात जेमतेम एक ओळ. अपील करावं, असा अभिप्राय मी त्याच आठवड्यात पाठवला. तो एका ओळीचा मुद्दा पहिला घातलाय, दोरी दुसरी.