टाइम स्लिप

रविवार, रात्री साडेदहा

आज गॅरेज आवरताना जुन्या सिव्हिकच्या मॅन्युअलमध्ये टाइम स्लिप सापडली, ड्रॅग रेसला सरळ पट्टीवर गाडी पळवली की वेळ छापून देतात ती चिठ्ठी. ओल्ड ब्रिज टाउनशिप रेसवे पार्क, इंग्लिशटाउन, न्यू जर्सी. वीसेक वर्षं झाली असतील. शाई फिकी पडलीये पण वाचता येतंय, ६० फूट, ३३० फूट, अर्धं अंतर, १००० फूट आणि शेवटी पूर्ण पाव मैल, १७.६२ सेकंद, ताशी ७९ मैल. मी तिथेच स्टुलावर बसलो, आवरायचं राहिलं ते राहिलंच.

एडिसनला नवीन आलो तेव्हा शेजारी एक आजोबा राहायचे, त्यांच्याकडे १९३२ ची फोर्ड कूपे होती, हॉट रॉड केलेली, म्हणजे वेगासाठी बदललेली. मडगार्डं काढलेली, छप्पर कापून खाली आणलेलं आणि इंजिन मात्र फोर्डचं तेच जुनं आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-८. बरेच जण त्यात शेवरलेचं इंजिन टाकतात, आजोबांनी शेवटपर्यंत नाही टाकलं. ते सांगायचे की स्वस्त गाडीत व्ही-८ पहिल्यांदा फोर्डनेच दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि महायुद्धावरून परत आलेल्या पोरांनी या जुन्या गाड्या कमी पैशात उचलल्या, वजन कमी करायला जे निघेल ते काढून टाकलं आणि पळवल्या. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर तर युद्धाच्या आधीपासून पळवायचे. मग रस्त्यांवर रेस लागायला लागल्या, त्यात जीव जायला लागले, म्हणून १९५१ मध्ये वॉली पार्क्सने एनएचआरए, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली, पोरांना रस्त्यावरून स्ट्रिपवर, म्हणजे रेसच्या सरळ पट्टीवर आणायला.

त्या इंजिनात एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच जाते त्यामुळे ते लवकर तापतं, ऑगस्टमध्ये रूट ९ च्या सिग्नलला अडकलो की आजोबांची नजर रस्त्यावर कमी आणि टेंपरेचरच्या काट्यावर जास्त. तो वास अजून आठवतो, पेट्रोल, गरम ऑइल आणि जुन्या सीटचा एकत्र.

इंग्लिशटाउनची स्ट्रिप १९६५ पासूनची. समरनॅशनल्स या एनएचआरएच्या स्पर्धेच्या वेळी मोठ्या नायट्रोच्या, म्हणजे नायट्रोमिथेन इंधनाच्या गाड्या यायच्या, तो आवाज कानाने नाही, छातीने ऐकायचा असतो आणि डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळं. पण मला तिथलं खरं आवडायचं ते हे की पैसे भरून, गाडी तपासून घेऊन कुणीही आपली रोजची गाडी घेऊन लाइनीत उभं राहू शकायचं. माझ्या पुढे मस्टँग, मागे कुणाचा तरी पिकअप, आणि मध्ये माझी ऑफिसला न्यायची सिव्हिक.

आजोबांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, टायर गरम करायला पाणी टाकतात त्यातून जाऊ नकोस, बाजूने जा, साध्या टायरच्या खाचांत पाणी राहतं आणि तू ते स्टार्टलाइनवर घेऊन येशील. दुसरी, स्टार्टच्या दिव्यांत हिरव्याची वाट बघू नकोस, शेवटचा पिवळा लागला की सोड. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने तीन पिवळे लागतात आणि मग हिरवा, डोळ्याला दिसून पाय हलेपर्यंत आणि गाडी हलेपर्यंत हिरवा आलेलाच असतो. मी तरी हिरव्याचीच वाट बघितली, स्लिपवर रिॲक्शन टाइम ०.९ च्या वर आहे.

मी जुन्नरकडचा, घाटात बैलगाडा बघत मोठा झालो. तिथेही गाडा पळतो तो घड्याळाशी, आणि सेकंद पुकारले की सगळा घाट एकदम ओरडतो. म्हणून पहिल्याच दिवशी त्या स्ट्रिपवर मला परकं वाटलं नाही, हे मी आजोबांना समजावून सांगितलं तर ते कितीतरी वेळ बैलांबद्दलच विचारत बसले, चारा काय, खूर कसे सांभाळता, पुढे घोडी कशाला.

२१ जून २००८ ला इंग्लिशटाउनलाच क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे मुख्य रेसआधीच्या पात्रता फेरीत, ड्रॅग रेसर स्कॉट कालिटा अपघातात गेला. त्यानंतर नायट्रोच्या सर्वात वेगवान गाड्यांसाठी अंतर १००० फूट केलं. आजोबा त्या आठवड्यात गॅरेज उघडून नुसते बसून होते, गाडी काही बाहेर काढली नाही.

जानेवारी २०१८ मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं. आजोबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले, बरं झालं म्हणवत नाही पण त्यांना ते बघावं लागलं नाही. कूपे त्यांचा पुतण्या पेनसिल्व्हेनियाला घेऊन गेला. न्यू जर्सीतलीच ॲटकोची स्ट्रिप १९६० ची, तीही २०२३ मध्ये बंद झाली. आता जवळपास ग्रेट मेडोजची आयलंड ड्रॅगवे तेवढी उरली.

पोरीने स्लिप हातात घेऊन विचारलं, बाबा मी आपली गाडी पळवू का तिथे? तिला सांगितलं पाण्यातून जायचं नाही. स्लिपचे आकडे पुसट होत चाललेत, उद्या ऑफिसात स्कॅन करून घेतो.