शाळेच्या इमारतीचा नकाशा : आधी पट ठरवा, मग जिना

शाळेच्या बांधकामाची फाइल अडकली की दोष टेबलावरच्या माणसाला दिला जातो. कधी तो असतोही. पण नकाशा उघडून पाहिला तर बऱ्याचदा वेगळंच दिसतं. चटईक्षेत्र, सामासिक अंतरं (इमारत आणि हद्द यांत सोडायची मोकळी जागा), पार्किंग हे सगळं काटेकोर मांडलेलं असतं, फक्त या इमारतीत एका वेळी किती मुलं असणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि जिना, दारं, स्वच्छतागृहं यांचं गणित पटावरूनच सुटतं.

एका मजल्यावर सहा वर्गखोल्या आणि मजल्याचं क्षेत्र ६०० चौ.मी. असं धरू. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ शैक्षणिक इमारतीला माणशी ४ चौ.मी. धरते, म्हणजे १५० माणसं. जिन्यासाठी माणशी १० मि.मी. रुंदी लागते, म्हणजे १.५ मीटर झाले. दीड मीटरचे दोन जिने दाखवले की कागद खूश. प्रत्यक्षात तुकडी साठची असेल तर त्या मजल्यावर ३६० मुलं बसतात आणि जिन्यांची एकूण रुंदी ३.६ मीटर हवी. दोन जिन्यांचे ३ मीटरच होतात. मग जिने १.८ मीटरचे करा किंवा तिसरा द्या. संहितेच्या हिशेबाचा आकडा आणि खरा पट यांतला मोठा तोच धरावा. दोन सत्रांची शाळा असेल तर मोठ्या सत्राचा पट घ्या. सत्र बदलताना दोन्हीकडची मुलं जिन्यात एकत्र येतात, म्हणून थोडी रुंदी वर ठेवलेली बरी.

जिन्यात आणखी एक चूक ठरलेली. ड्राफ्ट्समन निवासी इमारतीचा तयार ब्लॉक उचलून चिकटवतो. शाळेला पायरीची उंची जास्तीत जास्त १५० मि.मी. आणि पाऊल किमान ३०० मि.मी. हवं. मजल्याची उंची ३.६ मीटर असेल तर २४ चढ होतात, म्हणजे जिन्याच्या प्रत्येक फेरीत (सलग चढणीत) १२. बारा चढांना अकरा पावलं, म्हणजे ३.३ मीटर. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटरचे चौथरे (वळायची सपाट जागा) धरले की जिन्याची खोली आतून किमान ६.३ मीटर लांब लागते आणि दीड मीटरच्या दोन फेऱ्यांसाठी ३ मीटरहून थोडी जास्त रुंद. ही जागा सुरुवातीलाच सोडली नाही, तर पुढे वर्गखोली कापावी लागते किंवा कॉलम सरकवावे लागतात. स्ट्रक्चरल ड्रॉइंग तयार झाल्यावर कॉलम सरकवणं म्हणजे जवळपास नव्याने सुरुवात.

दारांचं सोपं आहे. वर्गात ४५ पेक्षा जास्त जण बसणार असतील तर दोन दारं. बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद. बाहेर उघडणारी फळी व्हरांड्याची वाट अडवते का, हे मात्र नकाशात दार उघडं दाखवूनच कळतं.

संहितेत शाळा ९ मीटर किंवा त्याहून उंच असेल, किंवा तिच्या कोणत्याही मजल्याचं क्षेत्र ५०० चौ.मी.पेक्षा जास्त असेल, तर ती विशेष इमारतीत मोडते. ३.६ मीटरचे तीन मजले म्हणजे १०.८ मीटर, तळमजला अधिक दोन मजल्यांची साधी शाळासुद्धा इथे येते. ‘आपली इमारत उंच थोडीच आहे’ म्हणून अग्निशमनची तात्पुरती ना-हरकत शेवटावर ढकलली जाते आणि मग पाण्याची टाकी, पंप, पाइपलाइन यांना जागाच उरत नाही. गच्चीवरच्या टाकीचं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी माहीत नसेल तर ते दुखणं वेगळं.

स्ट्रक्चरल गणिताबद्दल दोन आकडे इंजिनिअरला थेट विचारा. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकात (२०१६ ची आवृत्ती) शाळेचा महत्त्व गुणांक १.५ आहे, साध्या घराचा १. म्हणजे तशाच घराच्या दीडपट भूकंपबल धरायचं. दुसरा आकडा चल भाराचा, म्हणजे माणसं आणि सामान यांच्या वजनाचा : आयएस ८७५ भाग २ मध्ये वर्गखोलीला प्रति चौ.मी. ३ किलोन्यूटन, व्हरांडा आणि जिन्याला ४, तर घराच्या खोलीला २. राहती इमारत भाड्याने घेऊन तिथे शाळा भरवायचा बेत इथेच कोसळतो. रंगरंगोटी केल्याने आणि भिंतीवर फळा लावल्याने स्लॅबची ताकद वाढत नाही.

रॅम्प हा नेहमी मागून सुचतो. उतार १:१२. जोतं ६०० मि.मी. असेल तर उतारच ७.२ मीटर, वर-खाली दीड मीटरचे चौथरे धरून १०.२. एवढी लांबी शेवटी शोधली तर ती सामासिक अंतरात घुसते आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरात आणायच्या दाखल्याच्या) वेळी हरकत निघते. बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत अडथळामुक्त प्रवेश, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मध्यान्ह भोजन शिजत असेल तिथे स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण हे सगळं आहे. स्वच्छतागृहांची संख्या पुन्हा पटावरच : संहितेप्रमाणे मुलींना २५ मागे एक शौचकूप, मुलांना ४० मागे एक आणि २० मागे एक मुतारी.

आता कागद. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक संस्थेच्या नावावर हवं. अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावरची जमीन ‘आपलीच आहे’ म्हणून चालत नाही. भूमी अभिलेखची मोजणी ताजी करून घ्या, कारण कुंपण आणि हद्द यांत फरक निघाला तर सगळी अंतरं बदलतात. झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते) आणि समोरच्या रस्त्याची रुंदी नकाशा काढायच्या आधी बघा. किती बांधता येईल आणि किती उंच जाता येईल हे बरंचसं रस्त्यावर ठरतं. मुंबईची स्वतंत्र नियमावली सोडली तर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे.

बांधकाम परवानगीचा अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली होतो. कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरण्याची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. प्राधिकरणाने माहिती मागितली असेल तर साठ दिवस तुमच्या उत्तरापासून मोजले जातात, आणि प्रस्ताव नियमात बसत नसेल तर मानीव परवानगीचा आधारच राहत नाही. मिळालेली परवानगी एक वर्षाची असते. देणग्या गोळा करत बांधणाऱ्या संस्थांचं वर्ष पायातच जातं. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी टाकावा.

जोत्याची तपासणी झाल्याशिवाय वर जाऊ नका. अंतरं भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजून आखणी केली की गिलावा आणि दगडी आच्छादन धरून दहा-पंधरा सेंटीमीटर कमी पडतात. जोत्यावर ही चूक दुरुस्त होते, स्लॅबनंतर होत नाही.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर मागच्या अंतरात पत्र्याची शेड टाकून तिथे गॅस आणि चूल नेऊ नका. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग पसरून ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या इमारती संहितेनुसार सुरक्षित असल्याची खात्री केल्याशिवाय मान्यता देऊ नये असं बजावलं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीकडून नमुना ‘अ’ (यंत्रणा बसवल्याचा दाखला) आणि पुढे दर जानेवारी व जुलैमध्ये नमुना ‘ब’ (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो. हे दाखले, शिक्क्याचे मंजूर नकाशे आणि स्ट्रक्चरल गणित यांची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात हवी. आर्किटेक्टचं कार्यालय बदलतं, संचालक मंडळ बदलतं. वर मजला चढवायचा ठरला की पहिला प्रश्न पायाचा येतो, आणि नकाशा नसेल तर कॉलमशेजारी खड्डा घेऊन पाया मोजावा लागतो.