ओव्हल सिरीज, सहावा आठवडा: पाचाच्या नऊ गाड्या झाल्या

पुण्यात सिम रेसिंगवाले (कॉम्प्युटरला स्टिअरिंग जोडून रेस खेळणारे) शोधायला गेलं तर बरेच सापडतात, पण सगळे फॉर्म्युला वन नाहीतर जीटी३ स्पोर्ट्स कारवाले. आमची सिरीज स्टॉक कारची, म्हणजे अमेरिकेतल्या नॅस्कारसारख्या गाड्या, लंबगोल (ओव्हल) ट्रॅकवर. स्टॉक कार म्हटलं की ठरलेलं उत्तर: "नुसतं डावीकडेच तर वळायचंय!"

पहिली चूक माझीच. सिरीजची जाहिरात म्हणून टॅलाडेगा या मोठ्या, वेगवान अमेरिकन ट्रॅकवरच्या धडकाधडकीची क्लिप टाकली. सात जण आले, त्यातले चार धडकायलाच आले होते. पहिल्याच वळणात पिवळा झेंडा (अपघात झाला, सगळ्यांनी सावकाश), रीस्टार्ट, पुन्हा पिवळा. जुने दोघे वैतागून निघून गेले. क्लिप काढून टाकली.

मग मार्टिन्सव्हिल हा छोटा ट्रॅक घेतला. ०.५२६ मैल, म्हणजे साडेआठशे मीटरसुद्धा नाही. आकार पेपरक्लिपसारखा, वळणांचं बँकिंग (ट्रॅकचा आतल्या बाजूचा उतार) १२ अंश. टॅलाडेगाला ३३ आहे. (बँकिंग समजावताना मी जत्रेतला मौत का कुआँ सांगतो. बालेवाडीचा व्हेलोड्रोम सांगून पाहिला, पण तो कुणी आतून बघितलेलाच नसतो.) इथे सगळा खेळ ब्रेकचा. घाईघाईनं वळणात घुसलं की पुढचं उजवं टायर तापतं, गाडी टाइट होते, वळता वळत नाही. वीस लॅपनंतर मागचा पठ्ठ्या आतून आरामात निघून जातो.

पण माणसं टिकली ती स्पॉटरमुळे, म्हणजे आजूबाजूच्या गाड्या कुठे आहेत ते ड्रायव्हरला कानात सांगणाऱ्यामुळे. आता नव्याला आधी गाडी देतच नाही. एक अख्खी रेस हेडफोन लावून दुसऱ्याचा स्पॉटर. एकाच मॉनिटरवर शेजारची गाडी दिसत नाही, तेव्हा सगळी भिस्त त्याच्या आवाजावर. ओंकार पहिले दहा लॅप गप्पच होता. मग "आत आहे" (म्हणजे आतल्या बाजूला गाडी आहे), जरा वेळानं "आत आहे, आत आहे, अजून आत…", आणि चाळिसाव्या लॅपला खुर्चीवरून उठून "सुटलाऽऽ!" त्याची आई बघायला आली काय झालं ते. रेस संपल्यावर म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी मला गाडी दे." नवे चारही असेच आलेत.

सेटअप सगळ्यांना एकच. जुनं लॉजिटेक जी२९ स्टिअरिंग व्हील चालेल, कीबोर्ड नको. गुरुवारची प्रॅक्टिस रात्री नऊलाच, दिवसा लाइटचा भरवसा नाही.

रविवारी ब्रिस्टल: ०.५३३ मैल, काँक्रीटचा ट्रॅक, बँकिंग चांगलंच खडं. श्वास घ्यायला सरळ रस्ताच नाही. स्पॉटरच्या दोन जागा रिकाम्या आहेत. मोठा आवाज असलेल्यांनी आधी कळवा.