तुम्ही विचारलंत म्हणून : स्कॉच, आयरिश की कॅनेडियन?

पुण्याहून कोणी आमच्याकडे ओंटारिओत राहायला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी हा प्रश्न येतोच. मेहुणे विचारतात, भाचे विचारतात, गणपतीत भेटलेली नवी मंडळीही विचारतात, "स्कॉच, आयरिश आणि कॅनेडियन, यांत सगळ्यात चांगली कुठली? तुम्ही स्वतः काय घेता?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. स्कॉच सगळ्यात वर, आयरिश तिच्याखाली, आणि कॅनेडियन म्हणजे कोक घालून प्यायची. मला ही उतरंडच मान्य नाही, म्हणून माझं उत्तर लांबतं.

आधी सरळ उत्तर देतो. घरात एकच बाटली ठेवायची झाली तर मी आयरिश ठेवेन, आणि त्यातही 'सिंगल पॉट स्टिल' प्रकारातली. रेडब्रेस्टची बारा वर्षांची.

सिंगल पॉट स्टिल हा प्रकार आयर्लंडचा स्वतःचा आहे. स्कॉटलंडची सिंगल माल्ट फक्त मोड आणलेल्या बार्लीची, म्हणजे माल्टची असते. आयरिश पॉट स्टिलमध्ये मोड आणलेली आणि कच्ची अशी दोन्ही प्रकारची बार्ली एकत्र भिजवतात. आजच्या नियमाप्रमाणे दोन्ही किमान ३० टक्के असावी लागते. हे सुरू झालं करामुळे. १७८५ मध्ये माल्टवर कर बसला, आणि तो कमी भरावा लागावा म्हणून भट्टीवाल्यांनी कच्ची बार्ली मिसळायला सुरुवात केली. कच्च्या बार्लीने व्हिस्कीला एक स्निग्धपणा आला आणि घोट गिळल्यावर मागे रेंगाळणारा, आलं-मिऱ्याच्या अंगाचा तिखटपणा आला. कर पुढे गेला, पण ही चव लोकांनी सोडली नाही. रेडब्रेस्टमध्ये याच्या जोडीला शेरीच्या पिंपांतून आलेला मनुका आणि अक्रोडाचा वास असतो. कॉर्क परगण्यात मिडलटनला ती बनते. जेमसन, पॉवर्स, ग्रीन स्पॉट याही तिथल्याच.

"आयरिश म्हणजे हलकी, तीनदा गाळलेली, गुळगुळीत" असं सगळीकडे ऐकू येतं. रोजची जेमसन पिऊन हे मत होणं साहजिक आहे, कारण ती पॉट स्टिल आणि ग्रेन व्हिस्कीचं (म्हणजे मका-गव्हासारख्या धान्याच्या हलक्या व्हिस्कीचं) मिश्रण आहे आणि मुद्दाम सौम्य ठेवलेली आहे. पण रेडब्रेस्टही तीनदा गाळलेलीच असते, आणि तिला कोणी हलकी म्हणून दाखवावं. उलट आयर्लंडमध्येच कॉनेमारा नावाची धुरकट, दोनदाच गाळलेली व्हिस्की आहे, आणि स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळची ऑखेनतोशन तीनदा गाळतात. तेव्हा देशावरून चव ओळखायला जाऊ नका.

देशादेशांत फरक आहे तो त्यांनी काय धरून ठेवलं आणि काय सोडलं याचा. इथे मला इनियस कॉफीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातला मोठा अधिकारी. नोकरी सोडल्यावर १८३० मध्ये त्याने अखंड चालणाऱ्या उभ्या भट्टीचं पेटंट घेतलं. पॉट स्टिल म्हणजे तांब्याचं अवाढव्य पात्र. ते भरायचं, उकळायचं, रिकामं करायचं, धुवायचं आणि पुन्हा भरायचं. कॉफीच्या भट्टीत वरून द्रव ओतत राहायचा, खालून वाफ सोडत राहायची, काम थांबतच नाही. निघणारं मद्य खूप तीव्र आणि स्वच्छ, पण चवीला हलकं. डब्लिनच्या मोठ्या घराण्यांनी, जेमसन, पॉवर, रो यांनी, ही भट्टी नाकारली. त्यांच्या मते त्यातून येतं ती व्हिस्कीच नव्हे. स्कॉटलंडमधल्या व्यापाऱ्यांनी ती उचलली. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट आणि ग्रेन व्हिस्की मिसळायला परवानगी मिळाली, आणि एडिंबराच्या अँड्र्यू अशरसारख्यांनी दरवेळी तीच चव देणारी मिश्रणं बाजारात आणली. ब्लेंडेड स्कॉच जगभर गेली ती या वाटेने. कॉफीच्या भट्टीतली व्हिस्की खरी की नाही हा वाद १९०८-०९ च्या रॉयल कमिशनपर्यंत, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगापर्यंत गेला आणि निकाल मिश्रण करणाऱ्यांच्या बाजूने लागला.

डब्लिनवाले चवीच्या बाबतीत बरोबर होते असं मला मनापासून वाटतं, पण त्याची किंमत त्यांनी फार मोठी मोजली. पुढे अमेरिकेत दारूबंदी आली, ब्रिटनशी व्यापारयुद्ध झालं, आणि एकेक भट्टी विझत गेली. १९६६ मध्ये उरलेल्या कंपन्या एकत्र आल्या, १९७५ मध्ये सगळं काम मिडलटनच्या नव्या कारखान्यात गेलं, आणि अख्ख्या बेटावर मिडलटन आणि उत्तरेकडची बुशमिल्स एवढ्या दोनच जागी व्हिस्की बनू लागली. १९८७ मध्ये जॉन टीलिंग यांनी कूली ही नवी भट्टी सुरू केली तेव्हा कुठे हे चित्र हललं. २०१५ मध्ये त्यांच्या मुलांनी खुद्द डब्लिनमध्ये भट्टी पेटवली, शहरात सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच. पॉट स्टिलचा घोट घेताना ही चव किती थोडक्यात वाचली आहे हे मला दरवेळी जाणवतं.

स्कॉचबद्दल मी कमी बोलतो, कारण तिची बाजू मांडायला माणसं पुष्कळ आहेत. आपल्याकडे तर इंपोर्टेड म्हणजे स्कॉचच. एवढंच सांगेन, की ब्लेंडेडला कमी लेखू नका. ब्लॅक लेबलमध्ये मागे जो बारीक धूर लागतो तो आयला बेटावरच्या कल ईलासारख्या माल्टचा, आणि तो तितकाच लागावा याला मोठं कसब लागतं. याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग शेजारी शेजारी आहेत. तिथे मोड आलेली बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट जळणाच्या धुरावर सुकवतात. तो धूर दाण्यात मुरतो आणि गाळल्यावरही जात नाही. हुरड्याच्या आगटीशेजारी बसल्यावर कपड्यांना जो वास राहतो, त्याच्या जवळचं काहीतरी त्यात आहे. लाफ्रॉइगमध्ये आयोडीनसारखा वासही आहे, आणि त्यामुळे काहींना ती पहिल्या घोटातच नकोशी होते. मला ती पावसाळी हवेत, भाजलेल्या सुक्या बोंबलाबरोबर फार आवडते. पण पाहुण्याला पहिली तीच देऊ नये.

आता कॅनडा. इथे मला जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त अन्याय हिच्यावर होतो.

कॅनेडियन व्हिस्कीला लोक सिंगल माल्टच्या मापाने मोजतात आणि नापास करतात. तिची रीतच वेगळी आहे. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी मका, राय, बार्ली ही धान्यं आधी एकत्र करून मग आंबवतात. कॅनडात बहुतेक ठिकाणी प्रत्येक धान्य वेगळं आंबवतात, वेगळं गाळतात, वेगवेगळ्या पिंपांत मुरवतात आणि शेवटी मिसळतात. मक्याची, खूप शुद्ध गाळलेली व्हिस्की पाया म्हणून असते. रायची, कमी तीव्रतेवर गाळलेली व्हिस्की चव आणते. म्हणजे कलाकुसर सगळी मिश्रण करणाऱ्याच्या हातात. रॉयल कमिशनपुढे स्कॉटलंडवाले ज्यासाठी भांडले, तेच इथे पूर्णत्वाला नेलं आहे असं मी म्हणेन.

आणि विक्रीपूर्वी व्हिस्की मुरवलीच पाहिजे हा कायदा पहिल्यांदा कॅनडाने केला, १८८७ मध्ये. ब्रिटनमध्ये तो १९१५ मध्ये आला. आज तिन्ही देशांत किमान तीन वर्षं मुरवावी लागते.

नियमांतल्या दोन गोष्टी मला खटकतात, त्याही सांगायला हव्यात. कॅनडात ९.०९ टक्क्यांपर्यंत दुसरं मुरवलेलं मद्य किंवा वाइन मिसळायची मुभा आहे, आणि बाटलीवर 'राय' छापलं म्हणजे आत राय असलीच पाहिजे असं बंधन नाही. ग्राहकाला हे लेबलवर कळायला हवं. मात्र या मुभेमुळे सगळ्याच बाटल्यांत भेसळ असते असं समजू नये. कितीतरी चांगल्या बाटल्यांत असलं काही नसतं.

विश्वास बसत नसेल तर लॉट नंबर ४० घ्या. इथल्या, ओंटारिओतल्या विंडसरच्या हायरम वॉकर कारखान्यात ती शंभर टक्के रायची करतात. नाकाशी नेली की आंबवलेल्या काळ्या पावाचा वास, मग लवंग, मग मिरी, आणि शेवट कोरडा. हिला कोक घालू नये. राय हे धान्य थंडी सोसतं, हलक्या जमिनीतही येतं, म्हणून इथल्या प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट मैदानांत रुजलं. पण त्याचं आंबवण चिकट होतं आणि भयंकर फेसाळतं, म्हणून निव्वळ रायची व्हिस्की करणं सोपं नाही. कॅलगरीची अल्बर्टा प्रीमियमही अशीच निव्वळ रायची, आणि इतकी स्वस्त की दुकानात तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

क्राउन रॉयल सगळ्यांना माहीत असते ती जांभळ्या पिशवीमुळे. १९३९ मध्ये राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा सीग्रमच्या सॅम्युअल ब्रॉन्फमन यांनी ती त्यांच्यासाठी बनवून घेतली. इथल्या मराठी घरांत त्या पिशव्यांतून सुटी नाणी निघतात, सुपारी निघते. आतली व्हिस्की मऊ आणि गोडसर आहे. जेवणाआधी शेव-चिवड्याबरोबर गप्पा मारत घ्यायला ती उत्तम. पाहुण्यांना मी टोरांटोच्या डिस्टिलरी डिस्ट्रिक्टला हमखास नेतो. गुडरहॅम अँड वर्ट्सच्या त्या लाल विटांच्या इमारतींत आता दुकानं आणि कॅफे आहेत, पण तिथून चालताना हा धंदा या शहरात केवढा होता ते डोळ्यांना दिसतं.

तुलना करायची तर तिन्ही एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी ठेवून करा. आज एक, पुढच्या महिन्यात दुसरी, असं करून काही कळत नाही. बुडाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, त्यात अर्ध्या स्मॉलपेक्षा जास्त ओतू नका, आणि बर्फ बाजूला ठेवा, कारण थंडीने वास दबतो. आधी कॅनेडियन, मग आयरिश, धुरकट स्कॉच सगळ्यात शेवटी. धूर एकदा जिभेवर बसला की बाकीचं काही लागत नाही. पहिला घोट नुसता घ्या, मग चमचाभर साधं पाणी घाला. पाणी घातलं म्हणजे व्हिस्की बिघडली असं मानणारे बरेच भेटतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं, की पाण्याने तीव्रता उतरली की ग्वायकोल हा धुरकट वासाचा घटक पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे नाकाच्या जवळ येतो.

वर्षांच्या आकड्याला फार भुलू नका. बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय सांगतो, चव सांगत नाही. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य उडून जातं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या गोदामात उष्म्यामुळे हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं. तिथे अठरा वर्षं मुरवायची म्हटलं तर पिंपात फारसं काही उरणार नाही, आणि मुरायला तितकी वर्षं लागतही नाहीत.

पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "काका, परत जाताना कुठली नेऊ?" भारतात दोन लिटरपर्यंत कस्टम्सला काही भरावं लागत नाही. स्कॉच तिकडे गल्लीतल्या दुकानात मिळते, तिच्यासाठी बॅगेतली जागा अडवू नका. निघायच्या आदल्या दिवशी इथल्या सरकारी दुकानातून, एलसीबीओतून, लॉट नंबर ४० घ्या, दुसरी रेडब्रेस्ट, आणि दोन्ही कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत मधोमध ठेवा. घरी पोचल्यावर ज्या मित्राला फक्त स्कॉचच चालते, त्याला लॉट नंबर ४० लेबल न दाखवता ओतून द्या, आणि तो काय म्हणाला ते मला जरूर कळवा.