एकाच मेंबरला परत परत डीक्यू करावं लागलं तेव्हा आम्ही काय केलं

सेफ्टीवरून कोणी एकदा डिस्क्वालिफाय झालं (आम्ही डीक्यू म्हणतो, म्हणजे मॅचमधून बाद) तर शूटिंग क्लबला फार काही करावं लागत नाही. रेड कार्ड, पिस्तूल अनलोड, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला नळीत घालतात तो) घालून बॉक्समधे, त्या माणसाची मॅच तिथे संपली, चार दिवस तोंड पाडून बसेल आणि मग येईल परत. पण तोच माणूस दुसऱ्यांदा होतो, मग तिसऱ्यांदा होतो, आणि तो क्लबमधला सगळ्यात जुना मेंबर असतो, तेव्हा खरी पंचाईत होते. आम्ही यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितेय, दुसऱ्या कोणाच्या रेंजवर ही वेळ आली तर कामाला येईल. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय, नाव टाकत नाही, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

मी मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या क्लबमधे शनिवार-रविवार रेंज ऑफिसरचं काम बघते. शाळेच्या हॉलमधे 10 मीटरची रेंज, आठ लेन, पुलीवर जाणारी पेपर टार्गेट, मोठ्या मॅचला सगळे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जातात. काका साठीच्या आसपासचे, एअर पिस्तूल, वर्षानुवर्षं शूटिंग करतायत, आणि आमचा एअर भरायचा कॉम्प्रेसर त्यांच्याच पैशातून आलाय. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे कमिटीत हाच कॉम्प्रेसर सारखा मधे येत होता.

पहिलं डीक्यू क्लबच्याच मॅचमधे झालं. लोड करताना नळीचं तोंड टार्गेटकडे न राहता डाव्या बाजूच्या लेनकडे वळलं. मी आधी एकदा तोंडी सांगितलं होतं, परत झालं, मग कार्ड. दुसरं बाहेरच्या एका मॅचला, तिथल्या ज्युरीने म्हणजे पंचांच्या मंडळाने दिलं, कारण तेच. तिसरं आमच्याकडेच आणि ते वेगळं होतं, एका लेनची पुली अडकली म्हणून मी स्टॉप दिला, म्हणजे सगळ्यांना शूटिंग थांबवायला सांगितलं, आमचा मदतनीस मुलगा पुढे टार्गेटपाशी गेला, आणि तो पुढे असताना काकांनी टेबलावरचं पिस्तूल उचललं. माणूस फायरिंग लाइनच्या पुढे असताना कोणत्याही शस्त्राला हात लावायचा नाही, यात वादाला जागाच नाही.

लोकांना वाटतं एअर पिस्तूल म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा असतो, मॅच पिस्तुलातून तो सेकंदाला साधारण 150 मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी पाचशे किलोमीटरच्या वर, डोळ्याला लागला तर डोळा गेला. ट्रिगरचं वजन नियमाने कमीत कमी 500 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो दाब पडला की सुटलं. लायसन्स लागत नाही म्हणून खेळणं होत नाही.

त्यात 2024 ला पॅरिसमधे मनू भाकरची ब्राँझ आली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेची आली, आणि आमच्याकडे शाळेतल्या पोरापोरींची रांग लागली. आठही लेन भरायला लागल्या. पहिलं डीक्यू झालं तेव्हा काकांच्या डावीकडच्या लेनमधे नववीतली एक मुलगी होती. उजव्या हाताने पिस्तूल चालवणारे सगळे डावीकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे तिची पाठ काकांकडे होती, तिला काही दिसलंच नाही. दिसलं ते मागे खुर्चीवर बसलेल्या तिच्या आईला. त्या मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, "मॅडम, ते मोठे आहेत म्हणून तुम्ही गप्प बसणार असाल तर मला आत्ताच सांगा, मी तिचं नाव काढते." मी त्यांना शब्द दिला की गप्प बसणार नाही. पुढचं सगळं त्या शब्दावर झालं.

तिसऱ्या डीक्यूनंतर कमिटी बसली आणि सरळ दोन तट पडले. एक गट म्हणे जाऊ दे ना, काकांचं वय झालं, त्यांच्याशिवाय क्लब उभा राहिला असता का, कॉम्प्रेसर कोणी दिला वगैरे. दुसरा गट म्हणे तीनदा झालं, मेंबरशिप रद्द, विषय संपला. मला विचाराल तर दोन्ही गटांना कटकट नको होती, बाकी काही नाही. पहिल्यांनी त्या नववीतल्या मुलीचा विचार केला नाही, आणि दुसऱ्यांनी हा विचार केला नाही की वर्षानुवर्षं धड शूटिंग करणारा माणूस एकाच वर्षात तीनदा का चुकतो. काढून टाकलं असतं तर ते दुसऱ्या क्लबात गेले असते आणि तिथे कोणाच्या तरी पोरावर नळी फिरली असती.

मी तीन गोष्टी मागितल्या. काकांना मॅच बंद, पण माझ्या देखरेखीखाली प्रॅक्टिस चालू. तिन्ही घटना कागदावर उतरवायच्या, कोणती लेन, कोणती कमांड चालू होती, नळी नक्की कुठे होती, कोणी पाहिलं, आणि काकांचं स्वतःचं म्हणणं त्यांच्या शब्दात. आणि परत घ्यायचं की नाही हे त्यानंतर तिघांनी मिळून ठरवायचं, एकट्याने नाही. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. मोठ्या मॅचलाही डिस्क्वालिफाय करायचं तर ज्युरीच्या बहुमताने करतात, एका माणसाच्या डोक्यावर तो भार टाकत नाहीत आणि एका माणसाच्या रागावरही सोडत नाहीत.

काकांना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. रेंज बंद झाल्यावर थांबवून घेतलं, म्हटलं काका बसा जरा. ते आधीच चिडलेले. "अगं पिस्तुलात छर्राच नव्हता तेव्हा. रिकामं होतं." मी म्हटलं काका, ते तुम्हाला माहीत होतं, शेजारच्या लेनला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, "मला खरंच कळत नाही गं मी कधी वळवतो ते." हे वाक्य मी जसंच्या तसं रजिस्टरमधे लिहिलं, कारण माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ज्याला आपला हात वळलेला कळतच नाही त्याला दहा वेळा सांगून काय होणार?

मग मोबाइल स्टँडवर लावून बाजूने व्हिडिओ घेतला, काका लेनवर, हॉलमधे बाकी कोणी नाही. आणि हे इतकं स्पष्ट दिसलं की आम्ही दोघं बघतच राहिलो. काका पिस्तूल टेबलावर टेकवतात, छर्रा भरायची लिव्हर उघडतात, नळी टार्गेटकडे, इथपर्यंत सगळं बरोबर. मग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत छर्रा घेतात, छर्रा बसायची जागा एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती त्यांना दिसत नाही. कारण शूटिंगच्या चष्म्याची लेन्स बनवलेली असते पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, स्वच्छ दिसावी म्हणून, म्हणजे हात सरळ केल्यावर जेवढं अंतर होतं तेवढ्यासाठी, त्याच्या अलीकडचं या वयात धूसर, आणि दुसऱ्या डोळ्यावर ब्लाइंडर, म्हणजे तो डोळा झाकणारी पट्टी. म्हणून ते हनुवटी वर करून लेन्सच्या खालून बघायला जातात, तरी दिसत नाही, मग पिस्तूल टेबलावरून उचलून छातीपाशी आणतात आणि डावीकडच्या ट्यूबलाइटच्या उजेडात धरतात. त्या क्षणी नळी सरळ शेजारच्या लेनवर. नजर छर्र्यावर, त्यामुळे नळी कुठे चाललीय याचा पत्ताच नाही.

काकांनी तो व्हिडिओ परत परत पाहिला आणि पहिल्यांदाच रागावले नाहीत. म्हणाले, "ही पोरगी इथेच उभी असते ना?"

कारण सापडल्यावर उपाय साधे निघाले. टेबल 70-80 सेंटिमीटर उंच असतं, त्यावर पिस्तूल टेकवायला छोटा स्टँड ठेवता येतो, टेबल धरून 1 मीटरच्या आत राहिला की झालं. बहुतेक जण वापरतात, काका जुन्या सवयीने वापरत नव्हते. स्टँडमुळे पिस्तूल डोळ्यांच्या जवळ येतं आणि नळी पुढेच राहते. टेबलावर क्लिपचा एलईडी दिवा लावला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, लेन्स वर उचलता येईल अशी फ्रेम करून घेतली. आणि छर्रा बोटाच्या अंदाजाने बसवायचा सराव, लिव्हर बंद होईपर्यंत पिस्तूल स्टँडवरून हलवायचंच नाही. एवढ्यासाठी किती शनिवार गेले ते विचारू नका, सुरुवात पावसाळ्यात केली होती आणि दिवाळीचे कंदील लागले तरी सराव चालूच होता.

मधे कोणीतरी सुचवलं की काकांना कायम एक नंबरची लेन द्या, डावीकडे भिंतच आहे, कोणाला धोका नाही. सरावाच्या काळात ते आम्ही केलंही, पण तोच उपाय म्हणून चालवायला माझा ठाम विरोध होता. बाहेरच्या मॅचला लेन आयोजक देतात, तिथे भिंत मागता येत नाही.

तिसऱ्या घटनेचं कारण वेगळं निघालं. स्टॉप झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण फ्लॅग घातलेला नाही, म्हणून तो घालायला पिस्तूल उचललं. कानावर आवाज अडवणारे मफ होते, पुली दुरुस्त करायला मुलगा पुढे गेलाय ही सूचना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणजे हेतू चांगला, कृती घातक. इथे फक्त काकांना सुधारून भागणार नव्हतं. आता आमच्याकडे स्टॉपनंतर रेंज ऑफिसर प्रत्येक लेनपाशी चालत जाऊन फ्लॅग डोळ्यांनी बघतो, सगळे टेबलापासून एक पाऊल मागे येतात, आणि मगच माणूस पुढे जातो. फ्लॅग राहिला असेल तर हात वर करून सांगायचं, पिस्तुलाला स्वतः हात लावायचा नाही. यात एखादं मिनिट जास्त जातं आणि काही शूटर कुरकुरतात, कुरकुरू देत.

परत मॅचला घ्यायच्या आधी तिघांनी काकांची सेफ्टीची परीक्षा घेतली, अगदी नवीन पोरांची घेतो तीच, एकही पायरी न वगळता. मग चार नंबरच्या लेनवर पूर्ण 60 शॉटची मॅच, आमची पेपर टार्गेट म्हणून दीड तास, मागे मी आणि कमिटीतला तोच मेंबर जो काढून टाका म्हणत होता. त्याला मुद्दाम उभं केलं. दीड तासात नळी एकदाही वळली नाही आणि रजिस्टरमधे सही त्याचीच आहे. काकांनीही लिहून दिलंय की सेफ्टीचं परत एक डीक्यू झालं तर एक वर्ष मॅच नाही, कोणतीही चर्चा नाही. हे त्यांनी स्वतःहून मागितलं, आणि माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा आदर तिथे वाढला.

त्या मुलीच्या आईला मी व्हिडिओ सोडून सगळं दाखवलं, रिपोर्ट, परीक्षेचा कागद, नवीन नियम. त्यांनी मुलीला काकांच्या डावीकडे लेन नको असं सांगितलंय आणि आम्ही ते मान्य केलंय, तो त्यांचा हक्क आहे, काकांनाही त्याचं वाईट वाटलेलं नाही. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या मेंबरांचे लोड करतानाचे व्हिडिओ आता घेतोय, त्यात अजून दोघं जण छर्रा बघायला पिस्तूल उचलताना दिसले, नळी फार वळत नाही, पण त्यांचेही स्टँड मागवलेत.