सेंद्रिय पालकात सत्त्व जास्त असतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालकाची जुडी हातात घेऊन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सेंद्रिय आहे ना? मग यात सत्त्वही जास्त असेल?" मी सेंद्रियच पिकवतो, तरी सरसकट 'हो' म्हणवत नाही.

काही फरक खरे आहेत. २०१४ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४३ अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम हा विषारी धातू आणि कीटकनाशकांचे अंश कमी निघाले. प्रथिनं मात्र थोडी कमीच.

लोह आणि जस्त यांचं गणित वेगळं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असतं, पण सामू, म्हणजे मातीचा pH, आठच्या वर गेला की ते मुळांना लागत नाही. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. केवडा पडला म्हणतात तो हाच. शेणखताने इथे मदत होते, कारण ते कुजताना अडकलेलं लोह थोडं मोकळं होतं. पण जमिनीतच जस्त कमी असेल, तर त्याच रानाचा चारा खाणाऱ्या जनावराच्या शेणात ते येणार कुठून? म्हणून माती परीक्षणाचा मी इतका आग्रह धरतो. फिनलंडच्या जमिनीत सेलेनियम हे शरीराला लागणारं सूक्ष्म खनिज कमी होतं. १९८०च्या दशकात त्यांनी ते रासायनिक खतातच मिसळायला लावलं आणि लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं.

नत्राचा अतिरेक मात्र कुठूनही आला तरी वाईटच, युरियातून असो की कोंबडीखतातून. पान रुंद, गडद, पाणीदार होतं, बाजारात उठून दिसतं. आत नायट्रेट साठतं आणि क जीवनसत्त्व घटतं. ढगाळ हवेत किंवा दाट शेडनेटखाली तर आणखीच.

आणि वाण! याबद्दल कुणी विचारतच नाही. अमेरिकेत ४३ भाज्या-फळांची १९५० आणि १९९९ची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, ३८ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जास्त उत्पन्नासाठी निवडलेले वाण हे त्याचं मुख्य कारण असावं, असं त्या संशोधकांचं म्हणणं. वजन वाढलं, सत्त्व त्या प्रमाणात वाढलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वाण कोणतं, माती तपासली का आणि जुडी कधी कापली, हे विचारा. क जीवनसत्त्व उन्हाळ्यात उघड्या टोपलीत झपाट्याने उतरतं. सकाळी नेलेला पालक रात्रीच्या भाजीला वापरा, परवावर ठेवू नका.