पॉइंट १७ मॅक २, भारी आहे पण...

परवा वरळीच्या शूटिंग रेंजवरून निघालो आणि दादर येईपर्यंत मित्राशी नुसता वाद, विषय पॉइंट १७ मॅक २. २००४ ला हॉर्नडी या अमेरिकन कंपनीने काढलेलं रायफलचं काडतूस, म्हणजे आपल्या पॉइंट २२ च्याच (०.२२ इंची, ५.६ मिमी गोळीच्या) खानदानातलं, काडतुसाच्या नळीचं तोंड आवळून त्यात १७ ग्रेनची, जेमतेम १.१ ग्रॅमची गोळी बसवलेली, पण सुटते सेकंदाला साधारण ६४० मीटरने! त्यामुळे मार एकदम सपाट, म्हणजे गोळी फारशी खाली न येता जाते, धक्का नावापुरता. पण एवढी हलकी गोळी, स्पीड असला तरी वारा तिला ढकलतोच. बॅरल साफ करायची सळईसुद्धा बारीक, वेगळी लागते. आणि ५० मीटरच्या स्पर्धेत ५.६ मिमीच, म्हणजे पॉइंट २२ च चालतं, नेमबाज स्वप्निल कुसाळेचं २०२४ चं ऑलिंपिक ब्राँझ त्यातलंच. मित्र म्हणतो, "अरे पण स्पीड बघ ना!" बघितला रे बाबा, काडतुसं कोण आणून देणार, तू?